दोन आण्यांचा नटराज

नृत्य शिकणाऱ्या मुलांच्या हाती कागद फार थोडा येतो. गाणे शिकणाऱ्यापाशी निदान चिजांची वही असते, चित्रकलेच्या विद्यार्थ्यापाशी त्याने रंगविलेले तक्ते उरतात. परंतु अडवू, म्हणजे नृत्यातील मूळ पदन्यास, घोटणाऱ्या मुलीचे सारे धन तिच्या गुडघ्यांत, टाचांत आणि गुरूच्या तोंडून ऐकलेल्या बोलांत साठविलेले असते, आणि जिच्यासाठी ती रोज संध्याकाळी घाम गाळते ती कला कोणत्या मुलखातून, कोणाच्या आश्रयाने, किती पिढ्यांच्या हातून आपल्यापर्यंत आली याचा एकही दस्तऐवज तिच्या दप्तरात सापडत नाही. सुरतेत भरतनाट्यमचा वर्ग चालवीत असताना ही उणीव मला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे. पाठ्यपुस्तके वाचावयास सांगितली तर मुली ती परीक्षेपुरती वाचतात. ज्या वस्तूमुळे त्या आपण होऊन विचारू लागल्या, शोधू लागल्या, एकमेकींशी हुज्जत घालू लागल्या, ती वस्तू म्हणजे नृत्यविषयक टपाल तिकिटे.

माझा वर्ग उधन्याच्या बाजूस आहे. खानदेशातून मागाच्या धंद्यासाठी येऊन येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे या भागात पुष्कळ, तशीच ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेली माणसेही पुष्कळ. गुजराती तर यजमानच. त्यामुळे एकाच चटईवर उभ्या राहणाऱ्या मुली मला तीन नावांनी हाक मारतात: मराठी मुलींची मी ताई, गुजराती मुलींची बेन आणि उडिया मुलींची दीदी. माझे मामा रेल्वेच्या टपाल खात्यात पत्रे वर्गवार लावण्याच्या कामावर होते. आयुष्यभर इतरांची पत्रे इच्छित स्थळी रवाना करणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी एवढाच एक नाद ठेवला होता की, जुन्या पाकिटांवरील तिकिटे सोडवून ती एका जाड वहीत तारीखवार डकवावयाची. त्यांच्या पश्चात ती वही माझ्याकडे आली, आणि एका पावसाळी संध्याकाळी, वीज गेल्यामुळे पाठ थांबला असता, मेणबत्तीच्या उजेडात मी ती मुलींना दाखविली.

वहीच्या पहिल्याच पानांवर १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघालेली पुरातत्त्वविषयक मालिका होती. स्वतंत्र भारताने रोजच्या वापरासाठी काढलेली ती पहिली तिकिटे. इंग्रज राजाचा मुखवटा जाऊन त्याच्या जागी अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, त्रिमूर्ती अशी आपल्या शिल्पांची चित्रे आली. आणि त्यांतच दोन आण्यांच्या तांबड्या तिकिटावर नटराज आला. मुलींनी भिंग मागितले. अंगठ्याच्या नखाहून थोड्याशाच मोठ्या त्या कागदावर सारे काही जागच्या जागी होते: मागल्या उजव्या हातात डमरू, मागल्या डाव्या हातात अग्नी, पुढला उजवा हात अभयाचा, आणि पुढला डावा हात गजहस्तात वळून उचललेल्या डाव्या पावलाकडे निर्देश करणारा; उजवे पाऊल खाली पडलेल्या अपस्मार नावाच्या असुरावर. या मुली नटराजाच्या मूर्तीला रोज नमस्कार करीत होत्या, कारण ती वर्गाच्या कोपऱ्यात उभी आहे. परंतु कोणता पाय उचललेला, कोणता हात कोठे, हे त्यांतील एकीलाही न पाहता सांगता आले नव्हते. मोठी मूर्ती नजरेच्या सवयीची होऊन जाते. लहान चित्र मात्र डोळ्याजवळ धरून, श्वास रोखून न्याहाळावे लागते, आणि नृत्याच्या विद्यार्थ्याला न्याहाळण्याइतकी आवश्यक दुसरी कोणतीही शिस्त नाही, असे माझे मत आहे.

त्याच मालिकेतील एक आण्याच्या तिकिटाने तर माझे एक जुने काम हलके केले. नव्याने येणाऱ्या मुली समोर उभ्या असलेल्या शिक्षिकेचा उजवा हात पाहून आपला डावा उचलतात. आरशासमोर शिकणाऱ्यांची ही खोड मोडता मोडता शिक्षकाचा घसा बसतो. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आहे, आणि ती प्रथम छापताना उलटी छापली गेली, म्हणजे जो हात पुढे आलेला असावयास हवा तो उजवा हात डावा होऊन बसला. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, चूक सुधारून ते तिकीट पुन्हा काढण्यात आले. मामांच्या वहीत दोन्ही तिकिटे शेजारी शेजारी होती. एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने ती पाहिली, उभी राहिली, दोन्ही मुद्रा स्वतःच्या अंगावर लावून पाहिल्या आणि म्हणाली, “ताई, हा बुद्ध आरशात बघून नाचलाय!” तेव्हापासून माझ्या वर्गात उजव्या-डाव्याचा घोळ झाला की “एक आणा” एवढे म्हटले तरी पुरते.

तेथून पुढे हा छंद वर्गाचाच झाला. प्रत्येक मुलीने आपली वही करावयाची, प्रत्येक तिकिटाखाली निघाल्याची तारीख, किंमत, चित्रातील हस्त (हातांची मुद्रा) आणि स्थानक (उभे राहण्याची ठेवण) यांचा तपशील लिहावयाचा, आणि जे ओळखता आले नाही ते प्रश्नचिन्ह घालून मोकळे सोडावयाचे, असा शिरस्ता पडला. पालकांपैकी काहींनी आरंभी नापसंती दर्शविली. याने परीक्षेत गुण वाढतात काय, असा त्यांचा रोखठोक सवाल असे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलींना शास्त्राचीही उत्तरे द्यावी लागतात, आणि त्या उत्तरांत या वहीचा उपयोग होतो, हे मी त्यांना सांगत असे. ते खरेही होते, तथापि माझा हेतू तेवढा मर्यादित नव्हता.

नृत्यतिकिटांच्या कोणत्याही भारतीय संग्रहाचा कणा म्हणजे २० ऑक्टोबर १९७५ रोजी निघालेली सहा तिकिटांची मालिका. पंचवीस पैशांवर भरतनाट्यम, पन्नासांवर ओडिसी, पंचाहत्तरांवर कथक, रुपयावर कथकली, दीड रुपयावर कुचिपुडी आणि दोन रुपयांवर मणिपुरी. पंचवीस पैसे हा त्या काळी साध्या पत्राचा दर असल्याने भरतनाट्यमचे तिकीट घरोघर फिरले आणि आजही जुन्या पाकिटांच्या ढिगात ते सहज हाती लागते. मणिपुरीचे वापरलेले तिकीट मात्र त्या मानाने दुर्मीळ, कारण दोन रुपयांचे तिकीट लावावे अशी टपाले सामान्य घरातून क्वचितच जात. एका मोठ्या मुलीने यावरून विचारले, की मणिपुरी नृत्याचा दर्जा अधिक म्हणून त्याला अधिक किंमत दिली काय? या एका प्रश्नाचे उत्तर देताना टपालाचे दर, वजन, देशी-परदेशी रवानगी आणि कलेची प्रतवारी अशी होत नसते हे सत्य, असा सगळा पाठ एका संध्याकाळीच झाला.

त्याहून मोलाचा प्रश्न असा की, सहाच का? आज संगीत नाटक अकादमी आठ शास्त्रीय नृत्ये मानते. मोहिनीआट्टम या मालिकेत नाही. आसामच्या मठांतील सत्रिय नृत्याला तर ही मान्यता २००० साली मिळाली, तेव्हा ते १९७५ च्या तिकिटांवर कोठून असणार? शास्त्रीय हा शब्द मुली असा उच्चारीत असत, जणू तो शिक्का सृष्टीच्या आरंभीच मारलेला आहे. तो शिक्का मनुष्ये मारतात, त्यासाठी वाद घालावे लागतात, पुरावे मांडावे लागतात आणि वाट पाहावी लागते, हे त्या सहा तिकिटांच्या शेजारी सोडलेल्या दोन कोऱ्या चौकटींनी त्यांना समजले. ओडिसीचीच कथा पाहावी. १९५८ साली दिल्लीच्या परिसंवादात कालिचरण पटनाईक यांनी ओडिसीच्या शास्त्रीयत्वाचा पक्ष मांडला, पुढल्या वर्षी कटकास ‘जयंतिका’ या मंडळात गुरुजन एकत्र बसून त्यांनी या नृत्याचा क्रम आणि परिभाषा निश्चित केली. आणि त्यानंतर पुरी दोन तपेही लोटली नाहीत तोच ओडिसी सरकारी तिकिटावर विराजमान झाली होती. माझ्या वर्गात गंजामकडची एक अबोल मुलगी होती, वडील मागावर रात्रपाळी करणारे. भरतनाट्यमच्या वर्गात ती नेहमी मागल्या रांगेत उभी राही. मालिकेतले पन्नास पैशांचे तिकीट आणि १९४९ च्या मालिकेतील सहा पैचा कोणार्कचा घोडा या दोहोंत आपला मुलूख तिने ओळखला, त्या आठवड्यात ती प्रथमच आपण होऊन बोलली. कोणार्कच्या नाटमंदिरावर कोरलेल्या वादक-नर्तिकांविषयी आजीकडून ऐकलेले तिने सर्वांना सांगितले, उडियामिश्रित हिंदीत, न अडखळता. पुढे ती ओडिसीच शिकू लागली आणि मी तिला आनंदाने मुभा दिली.

मराठी मुलींना मात्र फार दिवस असे वाटत होते की या सहा तिकिटांत आपले काहीच नाही. ‘ताई, आपलं कुठलं?’ हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर ज्या तिकिटांतून निघाले त्यांवर एकही मराठी अक्षर नाही, ही या छंदातील मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे तिकीट १९८७ मध्ये निघाले, बालसरस्वतींचे २०१० मध्ये. आणि त्याच २०१० साली बृहदीश्वर मंदिरास सहस्र वर्षे पूर्ण झाल्याचे तंजावरचे तिकीटही निघाले. मी मोठ्या मुलींना ही तिन्ही एका पानावर लावावयास सांगितली आणि त्यांना जोडणारी रेघ शोधा म्हटले. रुक्मिणीदेवींचे गुरू पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै. बालसरस्वतींचे गुरू कंदप्पा पिळ्ळै. आणि हे दोघेही ज्यांच्या वंशपरंपरेतले ते चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम व वडिवेलू हे चार बंधू तंजावरच्या मराठी दरबारात नृत्याची सेवा करीत होते. आरंभीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत आमच्या मुली जो क्रम आज सुरतेत नाचतात, त्याला आकार देणाऱ्या या बंधूंच्या काळी सिंहासनावर भोसले कुळातील दुसरे सरफोजी राजे होते, आणि खुद्द सरफोजींच्या नावावर ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ ही मराठी नृत्यरचना आहे, जिचे संशोधन करून आचार्य पार्वतीकुमार यांनी ती मुंबईत पुन्हा रंगमंचावर आणली. ज्या मुलीचे आजोबा धुळ्याहून आले आणि जिला आजवर भरतनाट्यम हे परमुलखातील परभाषेतील व्रत वाटत होते, तिला ही वार्ता ऐकून काय वाटले असेल हे लिहून दाखविण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही.

ही रेघ गुजरातेतूनही जाते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या; त्यांच्यामागून तंजावरच्या नर्तिका आणि त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, बडोद्यास येऊन दरबारच्या कलावंत कारखान्यात दाखल झाले. मी स्वतः नृत्य शिकले ते बडोद्यास, तेथून सुरत केवढी जवळ! दक्षिणेतील मराठी दरबारातून गुजरातेतील मराठी दरबारात आलेली ही विद्या आज उधन्याच्या एका पत्र्याच्या खोलीत मराठी, गुजराती व उडिया मुलींच्या पायांशी खेळते आहे, ही वंशावळ मी एरवीही व्याख्यान म्हणून सांगितली असती; परंतु तीन तिकिटे समोर ठेवून मुलींनी ती स्वतः जोडली, म्हणून ती त्यांची झाली.

रुक्मिणीदेवी आणि बालसरस्वती यांची तिकिटे समोरासमोर लावली की आणखी एक चर्चा निघते, आणि ती मी थोरल्या मुलींसाठी राखून ठेवते. एक ब्राह्मण घराण्यातील, १९३६ मध्ये कलाक्षेत्राची स्थापना करून या नृत्याला नव्या समाजात प्रतिष्ठा मिळवून देणारी; दुसरी कलावंतिणींच्या घराण्यातील, सात पिढ्यांचे गाणे-नाचणे रक्तात घेऊन आलेली. शृंगाराविषयी दोघींचे तीव्र मतभेद होते. रुक्मिणीदेवींना तो भक्तीत परिणत व्हावासा वाटे, बालसरस्वतींच्या मते शृंगार हाच या कलेचा प्राण होता आणि त्याला धुऊन काढण्याचा अधिकार कोणासही नव्हता. मी बालसरस्वतींच्या बाजूची आहे आणि ते मुलींपासून लपवीत नाही. परंतु टपाल खात्याने दोघींनाही सारखेच स्थान दिले आहे, तेव्हा वहीतही दोघींना सारखीच जागा मिळते.

नर्तक उदयशंकरांचे तिकीट १९७८ सालचे, त्यांच्या निधनानंतर वर्षभराने निघालेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून लंडनला चित्रकला शिकावयास गेलेला हा तरुण १९२३ मध्ये रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हासमवेत रंगमंचावर कृष्ण होऊन उभा राहिला, आणि नंतर अल्मोड्यास त्याने जी संस्था काढली तेथे शिकविण्यास जे गुरू आले त्यांत बालसरस्वतींचे गुरू कंदप्पा पिळ्ळैही होते. पाहता पाहता ही रेघही तंजावरास जाऊन मिळते!

दोन देशांनी मिळून काढलेल्या तिकिटांचे पान धाकट्यांना सर्वाधिक आवडते. जपानबरोबर २००२ साली निघालेल्या जोडीत कथकली आणि काबुकी शेजारी उभे आहेत, मेक्सिकोबरोबर २०१० साली निघालेल्या जोडीत राजस्थानची कालबेलिया आणि त्यांचा हाराबे तापातियो. परंतु सुरतेच्या मुलांनी डोक्यावर घेतली ती ७ जानेवारी २०१७ ची पोर्तुगालबरोबरची जोडी. एका तिकिटावर आपला दांडिया, दुसऱ्यावर पोर्तुगालच्या ईशान्येकडील मिरांदा प्रांतातील पाउलितेइरोश नावाचे नृत्य; आणि हेही काठ्यांचेच नृत्य, पुरुषांनी समोरासमोर उभे राहून काठीवर काठी मारण्याचे. पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियू कॉश्ता त्या वेळी भारतभेटीस आले होते, आणि त्यांच्या पितृकुळाची मुळे मडगावची. नवरात्राचे नऊ दिवस ज्या शहराला झोप नसते त्या शहरातील मुलाला, समुद्रापलीकडेही कोणी काठ्या वाजवून फेर धरते हे पाहून जो विस्मय वाटला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या वर्षी आमच्या मुलींनी दांडियाच्या सरावात मुद्दाम दोन रांगा करून त्या परदेशी चालीची कल्पनेने नक्कल केली, आणि ती पाहण्यास शेजारपाजारचे सगळे लोटले.

आता थोडे व्यवहाराचे. सुरतेची हवा दमट. पावसाळ्यात डिंक लावलेली कोरी तिकिटे एकमेकांना चिकटून बसतात, कागदाला पिवळे डाग पडतात, आणि वही आडवी ठेवली तर वजनाने पाने एकजीव होतात. म्हणून वही उभी ठेवावी, उघडून वारा द्यावा, तिकीट बोटांनी न धरता चिमट्याने धरावे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा एका विद्यार्थिनीची वही दीड दिवस पाण्यात राहिली. कोरी तिकिटे गेली. वापरलेली, शिक्क्यांची तिकिटे मात्र वाचली, कारण पाकिटावरून पाण्यात सुटणे हा त्यांचा पूर्वानुभवच होता. आम्ही ती टिपकागदांच्या घड्यांत घालून, वर पाट-वरवंटे ठेवून वाळविली आणि पुन्हा लावली. तेव्हापासून मी मुलांना वापरलेलीच तिकिटे जमविण्यास सांगते. ती स्वस्त असतात, पाण्याला भीत नाहीत, आणि त्यांच्यावर कोण्या गावचा शिक्का असतो, म्हणजे ती प्रवास करून आलेली असतात.

बाजारात पुडक्याने मिळणाऱ्या परदेशी चकचकीत तिकिटांविषयी मात्र सावध राहावे. बॅले करणाऱ्या सुंदरींची चित्रे असलेली, कधीही पत्रावर न लागलेली, छापखान्यातच शिक्का मारून विकण्यासाठी काढलेली अशी तिकिटे पुष्कळ असतात. त्यांत पैसा घालण्यापेक्षा टपाल कचेरीत दोनशे रुपये ठेवून संग्राहकाचे खाते उघडावे, म्हणजे नवी तिकिटे घरपोच येतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी २०१७ पासून टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श योजनाही आहे. तीत निवड झालेल्यास वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. मात्र त्यासाठी असे खाते किंवा शाळेच्या तिकिटसंग्राहक मंडळाचे सभासदत्व लागते. नृत्यशिक्षकांनी याची माहिती आपापल्या वर्गात अवश्य द्यावी, कारण पालकांपर्यंत ती क्वचित पोहोचते.

आणि ज्यांच्या घरी जुन्या पत्रांच्या पेट्या पडून आहेत, मग ते सुरतेत असोत, बडोद्यात असोत की जळगाव-धुळ्याकडे असोत, त्या सर्वांना माझी विनंती आहे. ती पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा पाकिटे चाळावी. तिकीट उपटू नये. भोवती बोटभर कागद राखून कात्रीने कापावे, आणि शिक्क्यावरची तारीख स्पष्ट वाचता येत असेल तर पाकीट अख्खेच राहू द्यावे. मग आपल्या गल्लीत नृत्य शिकणारे जे मूल असेल त्याला ते नेऊन द्यावे.